वजनमापे

एकतीस वर्षं मी नागपुरातल्या तराजूंवर शिक्का मारला.
इतवारीत सराफांचे, श्वासानंही हलणारे,
कळमन्यात संत्र्यांचे, ट्रकसकट तोलणारे,
गोकुळपेठेत त्या भाजीवालीचा,
ज्याच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटलेला असायचा
आणि मी दिसलो की ती म्हणायची,
"काहून येता साहेब, इतक्या उन्हाचे?"

कचेरीच्या कपाटात लाल मखमलीवर पितळी किलो होता.
उघड्या हातानं धरायचा नाही,
बोटांचा घामही त्याला जड होतो.
तोही दर काही वर्षांनी बाहेरगावी जायचा
त्याच्याहून खऱ्या किलोशी ताडून घ्यायला,
आणि तो किलो त्याच्याहून खऱ्याशी.
नवा होतो तेव्हा साहेबांना विचारलं,
शेवटच्या मापाला कोण मोजतं?
साहेब म्हणाले, चहा सांग.

रविवारी सदरच्या चर्चमध्ये, मागून तिसऱ्या बाकावर
(पंख्याखालची जागा सोडून, ती विमलाबाई उजागऱ्यांची)
मी तेच घोळवत बसायचो.
एकदा पाळकसाहेब म्हणाले,
त्याच्यापुढे सगळे देश म्हणजे पारड्यावरची धूळ.
धूळ मला ठाऊक होती.
तपासणीआधी मी ती फुंकून टाकायचो,
तिचं वजन धरत नाहीत.
त्या दिवशी मान वर करवेना.
झिरो माइलचा खांब, सीताबर्डीचा किल्ला, कोराडीची धुराडी,
माझी अडकलेली बढती:
एक फुंकर.

मोठा, त्याहून मोठा, सगळ्यांत मोठा
ही आमच्या खात्याची भाषा.
तिला दोन पारडी लागतात.
त्याच्यासमोरच्या पारड्यात ठेवायला कुणी नाही.
म्हणजे देवा, तू थोर आहेस असं मी गातो
तेव्हा खरं तर
हातातला तराजू खाली ठेवत असतो.

मग मे महिना आला. सत्तेचाळीस अंश.
लेक माझी, सुवार्ता, सातव्यातच मोकळी झाली.
सिस्टरनं पोट्टीला काट्यावर ठेवलं.
नऊशे चाळीस ग्रॅम.
मी आधी वाकून काट्याचा शिक्का पाहिला.
मुदत संपलेली!
एवढा आनंद मला कुठल्याच गुन्ह्यानं झाला नव्हता.
यंत्र कमी दाखवत असेल,
दोनशे, तीनशे ग्रॅम तरी.
घरून माझी जुनी पेटी आणली,
रात्री अकराला एकेक वजन ठेवून पाहिलं.
सिस्टर काही बोलली नाही.
काटा अचूक होता.

कूलर गळत होता. प्रार्थनेला बसलो, शब्द सुचेनात.
जिथं देशांची धूळ होते
तिथं नऊशे चाळीस ग्रॅम
कुठल्या पारड्यात पडणार?

तेव्हा ते आठवलं,
पाळण्यापासून ऐकलेलं, कधी हातात धरून न पाहिलेलं:
तो एकदा स्वतः वजनात आला होता.
गोठ्यात कुणीतरी त्याला उचललं असेल,
हातांना अंदाज आला असेल, अडीच किलो, फार तर तीन.
मरियेचा दंड भरून आला असेल, तिनं कूस बदलली असेल.
ज्याला कुठलंच माप पुरत नाही
त्यानं आमचा काटा नाकारला नाही.
पुढं तर तीस नाण्यांशी तोलला गेला,
आणि मग लाकडावर, स्वतःच्याच भारानं लोंबकळत.
मोठी माणसं मी पुष्कळ पाहिली, सिव्हिल लाइन्सला कामं असायची.
एक पायरी उतरायची तर आधी कोण बघतंय ते बघतात.
इतकं उतरून तसूभर कमी न झालेला
मला एकच माहीत आहे.

फरशी गरम होती. गुडघे टेकले.
मागणं असं काही नव्हतं.
म्हणालो, तू आहेस. तुझ्यासारखा नाही.
एवढंच, दोनदा.

पोट्टी जगली का, तुम्ही विचाराल.
जगली. पायऱ्या चढते, रुसते,
माझ्या पेटीतलं पाच ग्रॅमचं वजन हरवून बसली आहे.
पण डॉक्टर बोलले ते एकवीस दिवसांनी.
मी गुडघे टेकले ते पहिल्याच रात्री.
हे तेवढं तारखेसह
नोंदवून ठेवा.